टी. व्ही. किती इंची? – दुकानदार आणि सुतार बांधवांसाठी मापाचा हिशोब

आमच्या ओळखीच्या एका सुतार मिस्त्रींवर आलेला प्रसंग आधी सांगतो. एका गिऱ्हाइकाने त्यांना बैठकीच्या खोलीत भिंतभर शोकेस करायला सांगितले. मध्ये टी. व्ही. बसेल एवढी जागा मोकळी ठेवा, टी. व्ही. ४३ इंची येणार आहे, एवढेच माप त्यांना मिळाले. मिस्त्री जुने जाणते. एकवीस इंची टी. व्ही.च्या काळात त्यांनी अशी किती शोकेस केली याची गणती नाही. त्यांनी ४३ इंच रुंदी धरली, नेहमीच्या सवयीने तिची पाऊणपट, म्हणजे ३२ इंच, उंची धरली, प्लाय कापला, सनमायका चिकटवला आणि काम पुरे केले. टी. व्ही. आला तो ३८ इंच रुंद आणि जेमतेम २२ इंच उंच. चौकटीत तो असा दिसू लागला की जणू मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घातला आहे. गिऱ्हाइकाने पैसे अडवले, मिस्त्रींनी पदरचा प्लाय घालून मधला भाग पुन्हा केला आणि आठवड्याची मजुरी गेली ती गेलीच.

दोष कोणाचा? आमच्या मते अर्धा दोष टी. व्ही. विकणाऱ्या दुकानदाराचा. गिऱ्हाईक समोर उभे असताना “४३ इंच म्हणजे रुंदी नव्हे” हे एक वाक्य बोलायला त्याला काही पैसे पडत नव्हते. या धंद्यात असणाऱ्या आमच्या बांधवांनी हा हिशोब एकदा पक्का समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

टी. व्ही.चे इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे माप असते. हे पूर्वीही होते आणि आजही आहे. बदलला तो पडद्याचा आकार. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली रंगीत चित्र आले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे घरातला टी. व्ही. चारास तीन या प्रमाणाचा होता. म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. मिस्त्रींचा पाऊणपटीचा नियम तिथूनच आलेला. आजचा टी. व्ही. सोळास नऊ या प्रमाणाचा आहे. त्यात उंची रुंदीच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते.

हिशोब सोपा आहे. आजच्या टी. व्ही.चे जे इंच असतील त्यांना ०.८७ ने गुणले की पडद्याची रुंदी येते आणि ०.४९ ने गुणले की उंची येते. ३२ इंचीचा पडदा सुमारे २८ इंच रुंद व पावणेसोळा इंच उंच. ४३ इंचीचा साडेसदतीस व एकवीस. ५५ इंचीचा ४८ व २७. ६५ इंचीचा ५६ ते ५७ व ३२. त्यावर कडेच्या पट्टीचा अर्धा-पाऊण इंच धरावा. जुन्या पेटीसाठी हेच आकडे ०.८ आणि ०.६ होते, आणि त्या मापात काचेच्या नळीची झाकलेली कडही मोजली जाई, त्यामुळे २१ इंचीत डोळ्यांना २० इंचांच्या आसपासच पडदा दिसे. आता खोक्यावर ३२ इंचीला ८० सेंटीमीटर, ४३ इंचीला १०८ सेंटीमीटर असे लिहिलेले असते. ३२ इंचांचे खरे तर ८१ सेंटीमीटर भरतात. तेव्हा भांडणाचा प्रसंग आला तर सेंटीमीटरचा आकडा खरा मानावा.

यातूनच दुकानात नेहमी ऐकू येणारी एक तक्रार समजते. घरची २९ इंची जुनी पेटी काढून गिऱ्हाईक ३२ इंची पातळ टी. व्ही. नेते आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, “मोठा घेतला आणि माणसे लहान दिसतात.” ते खोटे बोलत नाही. त्या जुन्या पेटीचा दिसणारा पडदा सोळा इंचांहून थोडा जास्त उंच होता आणि नव्याचा पावणेसोळा आहे. वाढ झाली ती फक्त रुंदीत. ज्यांच्या घरी २९ इंची होता त्यांना वाढ जाणवायची असेल तर ४३ इंचीच दाखवावा. ज्यांच्याकडे २१ इंची होता त्यांना मात्र ३२ इंची मोठाच वाटेल.

दुसरी गोष्ट, इंच वाढतात त्यापेक्षा पडदा किती तरी जास्त वाढतो. ३२ वरून ४३ वर गेले की इंच अकराच वाढले, पण पडद्याचे क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट झाले. ४३ वरून ५५ वर गेले तर ते १.६४ पट होते. ५५ वरून ६५ वर मात्र १.४ पटच. किमतीतला फरक आणि हा फरक शेजारी ठेवून पाहिला तर कोणता माल गिऱ्हाइकाला परवडणारा आहे हे दुकानदाराला स्वतःलाच कळेल.

सोळास नऊ हा आकार आला कुठून? सिनेमा रुंद होत गेला आणि टी. व्ही. चौकोनी राहिला, त्यातून. गुरुदत्त यांचा ‘प्यासा’ १९५७ चा, तो जुन्या चौकोनी चौकटीत आहे. त्यांचाच ‘कागज़ के फूल’ १९५९ चा, तो आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त रुंद. दोन्ही दाखवायचे तर टी. व्ही. कसा असावा, या प्रश्नावर १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या तंत्रज्ञांनी मधला मार्ग काढला, तो सोळास नऊचा. त्यामुळे आज ‘प्यासा’ लावला की डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात आणि स्कोप चित्रपट लावला की वर-खाली येतात. दोन्हींत पडद्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग काळा राहतो. टी. व्ही.त बिघाड नसतो. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगितले तर “पट्टी येते” म्हणून मेकॅनिकला फेरी मारावी लागत नाही. काही जण रिमोटवरून चित्र ताणून पट्ट्या घालवतात. मग पोळी लांबट दिसते आणि नटी एका रात्रीत जाड होते. ज्यांना तसेच आवडते त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही.

आता खोलीचे अंतर. आमच्या वस्त्यांतल्या घरांत हाच मुख्य प्रश्न आहे. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला टी. व्ही., समोरच्या भिंतीला गादी किंवा सोफा. भिंती आणि सामान वजा जाता डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सात ते आठ फूट उरतात. चित्रपटाच्या पडद्यासाठी तंत्रज्ञांचा एक जुना दंडक आहे की पडदा नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापील असे बसावे. त्या हिशोबाने अंतर टी. व्ही.च्या इंचांच्या १.६ पट येते. ३२ इंचीला सव्वाचार फूट, ४३ इंचीला पावणेसहा, ५५ इंचीला साडेसात, ६५ इंचीला पावणेनऊ. म्हणजे दहा फुटी खोलीत ५५ इंची बसतो, असे कागदावर तरी दिसते.

पण त्या घरात पाहतात काय, हे विचारल्याशिवाय ५५ इंची गळ्यात मारू नये. घरात डी. डी. फ्री डिश असेल किंवा केबलचे साधे चॅनेल असतील, तर त्या चित्रात ५७६ च ओळी असतात. त्या ४३ इंची पडद्यावर पसरल्या की नीट एकजीव दिसायला साडेदहा फूट अंतर लागते, ३२ इंचीवर पावणेआठ फूट पुरतात. सात फुटांवरून ५५ इंचीवर साधे चॅनेल पाहिले तर चेहरे पुसट आणि अक्षरे फाटलेली दिसतात. दुकानात मात्र कंपनीने पाठवलेली चकचकीत चित्रफीत चालू असते, रंग भडक ठेवलेले असतात, आणि गिऱ्हाईक भुलते. आमचे सांगणे असे की दुकानात एक सेट-टॉप बॉक्स जोडून ठेवावा आणि गिऱ्हाइकाच्या घरी येणारा साधा चॅनेल त्याला मोठ्या पडद्यावर दाखवावा. एखाद्या वेळी विक्री ५५ वरून ४३ वर येईल, पण माल परत येणार नाही.

‘फोर के’ची गोष्टही तशीच. फुल एच. डी. म्हणजे आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०. फोर के म्हणजे दोन्हीकडे दुप्पट. परंतु ४३ इंचीवर साडेपाच-सहा फुटांच्या पुढे बसलेल्या माणसाच्या डोळ्याला हा फरक सहसा कळत नाही. ३२ इंचीत १३६६ बाय ७६८ चा साधा पडदाही सहा फुटांवरून पुरेसा असतो. ५५ च्या पुढे, आणि घरात इंटरनेटवरून चित्रपट पाहत असतील, तर फोर के घेण्यात अर्थ आहे.

खोक्यावर सहसा न लिहिलेली एक बाब खोलीत दहा माणसे बसणाऱ्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. एल. ई. डी. टी. व्ही.चे पॅनेल मुख्यतः दोन जातींचे असते. व्ही. ए. पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहिले की चित्र फिके पडते. आय. पी. एस. पॅनेल बाजूनेही तसेच दिसते, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा करडा वाटतो. क्रिकेटचा सामना असला की अर्धा मोहल्ला दारातून आणि खिडकीतून पाहतो. तिथे आय. पी. एस. बरे. कोणते पॅनेल आहे हे ओळखायला दुकानात टी. व्ही.च्या अगदी बाजूला जाऊन उभे राहावे, कळून येते.

३२, ४३, ५५ हेच आकडे का, असे एका शिंपी बांधवाने आम्हाला विचारले होते. उत्तर त्यांच्याच धंद्यात आहे. ताग्यातून सदरे बेततात तसे मोठ्या काचेतून पडदे बेततात. २२०० बाय २५०० मिलिमीटरच्या काचेतून ३२ इंचीचे अठरा किंवा ५५ इंचीचे सहा पडदे निघतात आणि कतरण फार थोडी जाते. ६५ इंचीचे आठ पडदे २९४० बाय ३३७० च्या काचेतून निघतात. कतरण कमी तिथे भाव उतरतो.

करातही बदल झाला आहे. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यावर २८ टक्के जी. एस. टी. होता, म्हणून ३२ इंचीचा खप धरून माल भरण्याची सवय लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टी. व्ही.लाही १८ टक्केच लागतो. ज्यांनी अजून जुन्या अंदाजाने ३२ चाच साठा धरला असेल त्यांनी ईद-दिवाळीच्या आधी ४३ चा विचार करावा. नेताना खोके उभेच न्यावे, हातगाडीवर आडवे टाकू नये. पडदा तडकला तर नवा बसवण्याचा खर्च जवळजवळ नव्या टी. व्ही.एवढा येतो.

सुतार बांधवांसाठी शेवटचे. गिऱ्हाइकाकडून इंच घेऊ नका, टी. व्ही.चे मॉडेल घ्या आणि त्यावरून बाहेरची रुंदी-उंची कागदावर लिहून त्याची सही घ्या. चौकट बंद करायची असेल तर चारही बाजूंनी किमान तीन-चार इंच हवा खेळती ठेवा. मागे भिंतीला पकडणाऱ्या स्टँडचे बोल्ट कुठे येतात ते पाहा, तिथे मागचा प्लाय जाड घाला किंवा बोल्ट थेट भिंतीत न्या. उंची ठरवताना घरातली माणसे कशावर बसतात ते विचारा. सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून सव्वातीन ते साडेतीन फुटांवर असतात, गादीवर बसणाऱ्याचे अडीच फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य त्याच्या जवळपास यावा. आणि आज ४३ असला तरी उद्या ५५ येईल असे गिऱ्हाईक म्हणाले, तर चौकट करूच नका. मधली भिंत पन्नास-साठ इंच सपाट सोडा आणि कपाटे दोन्ही बाजूंना उभी करा. मिस्त्रींनी आता तसेच सुरू केले आहे.