वारीतले उठणे-बसणे

ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीतुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरी मुक्कामास येते. १६८५ साली नारायणमहाराजांनी आरंभिलेल्या या सोहळ्यात सत्तरी ओलांडलेले वारकरीही चालतात, पावली खेळतात, भुईवर बसतात आणि पुन्हा उठतात. चालण्याचे कौतुक सारेच करतात. खरे मोल या उठण्याचे! उतारवयात मांड्यांचे स्नायू वापराविना झिजतात. मग स्नान, शौच, जिना यांसाठी परक्या हाताची वाट पाहावी लागते. आकुर्डीच्या निवृत्त कामगाराने त्यासाठी आषाढाची वाट का पाहावी? पासष्टीनंतर आठवड्यास किमान १५० मिनिटे झपझप चालावे, तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते. हात न टेकता खुर्चीवरून उठणे हा त्यांतलाच एक. गुडघे दुखत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.