फिल्म्स डिव्हिजन फक्त कागदावर उरायला नको

पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनचं नाव जुन्या मुंबईकरांना नवं नाही. सिनेमा सुरू होण्याआधी दाखवली जाणारी 'समाचार चित्रं' इथेच बनायची. १९४८ साली सुरू झालेल्या या संस्थेने हजारो माहितीपट केले. सरकारी प्रचारपट त्यात भरपूर होते, पण प्रमोद पतींचा प्रयोगशील लघुपट 'एक्सप्लोरर'ही इथलाच! चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालं. विजया मुळे यांचा ॲनिमेशनपट 'एक अनेक और एकता' तर अनेकांचं बालपणच.

२०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. पुण्याचं फिल्म अर्काइव्हही.

या बदलात मला खरी काळजी तिथल्या जुन्या रिळांची वाटते. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की ती सडू लागली समजा. मग ती आक्रसते, वळते आणि स्कॅन करणं अवघड होतं. दमट हवेत हे आणखी वेगाने घडतं. म्हणून थंड, कोरडी साठवण आणि अनुभवी तंत्रज्ञ हवेतच. डिजिटल प्रत झाली तरी मूळ निगेटिव्ह जपायलाच हवी. आणि नव्या दिग्दर्शकांना माहितीपटांसाठी दरवर्षी हक्काचा निधीही मिळायला हवा.

फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडवरच्या आवारातल्या गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुलांना घेऊन नक्की जा.