रक्ताची परीक्षा, व्यापाराची युक्ति आणि पेटंट

गर्भांतील अर्भकाचें आनुवंशिक द्रव्य तपासावयाचें तर पूर्वीं मातेच्या उदरांत सुई घालून गर्भजल काढावें लागे, आणि त्यांत थोडा कां होईना, पण गर्भपाताचा धोका असे. डेनिस लो व जेम्स वेन्सकोट या ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं सन १९९७ मध्यें असें दाखवून दिलें कीं, मातेच्या रक्तांतील पेशी वेगळ्या केल्यावर जो पिवळसर रक्तद्रव उरतो, त्यांत अर्भकाच्या डी. एन. ए.चे मोकळे तुकडे तरंगत असतात. तोंवर हा रक्तद्रव या कामीं निरुपयोगी समजून टाकून दिला जात असे! या शोधावर उभारलेल्या परीक्षापद्धतीस अमेरिकेंत सन २००१ मध्यें पेटंट मिळालें. आणि सन २०१५ मध्यें, पेटंटविषयक अपिलें ऐकणाऱ्या तेथील फेडरल सर्किट न्यायालयानें तें रद्द ठरविलें. शोधाच्या खरेपणाविषयीं कोणास शंका नव्हती. मग पेटंट कां गेलें? याचें उत्तर शोधण्यासाठीं रुग्णालय सोडून कांहीं वेळ व्यापाऱ्याच्या पेढीवर जावें लागतें.

पेटंट हा सरकारनें दिलेला मुदतीचा मक्ता होय. संशोधकानें आपली कृति जगापुढें उघड करावयाची आणि त्याबद्दल, सामान्यतः अर्जापासून २० वर्षें, इतरांनीं ती त्याच्या अनुज्ञेवांचून वापरावयाची नाहीं, असा हा करार आहे. परंतु निसर्गाचे नियम, निसर्गनिर्मित वस्तु आणि निव्वळ अमूर्त कल्पना यांवर कोणाचाहि मक्ता चालत नाहीं, असें अमेरिकन न्यायालयें फार पूर्वींपासून मानीत आलीं आहेत.

व्यापाराच्या पद्धतींनाहि पेटंट मिळूं शकतें, हें सन १९९८ मध्यें गुंतवणूक-निधींच्या हिशेबपद्धतीसंबंधींच्या एका खटल्यांत याच फेडरल सर्किटनें मान्य केलें, आणि दरवाजा उघडला. पुढल्याच वर्षीं ॲमेझॉन कंपनीस एकाच कळीनें माल मागविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालें. बर्नार्ड बिल्स्की व रँड वॉर्सॉ यांचा अर्ज मात्र अडला. गिऱ्हाइकास ठराविक भावानें माल देण्याचें कबूल करावयाचें व भावाच्या चढउताराचा धोका दुसऱ्या बाजूच्या सौद्यानें भरून काढावयाचा, अशी ती युक्ति होती. आपल्याकडील एखाद्या जुन्या आडत्यास ती ऐकून हसूंच आलें असतें. सन २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायाधीशांनीं ही अमूर्त कल्पना आहे म्हणून अर्ज फेटाळला. परंतु व्यापारपद्धति सरसकट वर्ज्य कराव्या काय, या प्रश्नावर पांचांनीं नकार दिला, चौघांनीं होकार.

दोनच वर्षांनीं हा विचार रक्तापर्यंत पोंचला. थायोप्युरिन वर्गाचें औषध आंतड्याच्या कांहीं विकारांत देतात. तें कोणाच्या शरीरांत किती मुरतें हें मात्र माणसागणिक बदलतें. ८० कोटी तांबड्या पेशींमागें त्यापासून झालेलें विशिष्ट द्रव्य २३० पिकोमोलांहून कमी असेल तर मात्रा वाढवावी, ४०० हून अधिक असेल तर घटवावी, अशा पद्धतीचें पेटंट प्रॉमिथियस या प्रयोगशाळेकडे होतें. मेयो या प्रसिद्ध रुग्णालयानें स्वतःची परीक्षा काढण्याचें जाहीर केल्यावर खटला झाला. औषध आणि शरीर यांतील हें नातें निसर्गाचें आहे, आणि ‘औषध द्या, मोजा, मात्रा ठरवा’ या जोडलेल्या पायऱ्या वैद्यांच्या नित्य परिचयाच्या आहेत, असें सांगून न्यायालयानें सन २०१२ मध्यें एकमतानें पेटंट रद्द केलें. निकालांत बिल्स्कीचा आधार होता. गंमत अशी कीं, सन २०१४ मध्यें ‘ॲलिस’ खटल्यांत, संगणकाच्या द्वारें मध्यस्थानें व्यवहार पुरा करण्याच्या पद्धतीवर विचार करतांना, हीच रक्तपरीक्षेची कसोटी पुन्हां पेढीवर आली. मधल्या सन २०१३ मध्यें, स्तनाच्या कर्करोगाशीं संबंधित जीन शरीरांतून नुसती वेगळी केली म्हणून तीवर मिरिॲड कंपनीचा मक्ता होत नाहीं, असाहि निर्णय झाला होता. त्यासरशीं इतर प्रयोगशाळांनीं तशा परीक्षा देऊं केल्या.

लो यांच्या शोधास हीच कसोटी लागली. न्या. लिन यांनीं निकालास संमति दिली, परंतु ती मेयो निकालाच्या व्यापक शब्दांनीं बांधले गेल्यामुळें, आणि हें पेटंट गुणवत्तेनें पात्र होतें, असें स्पष्ट नमूद करून. ही खंत रास्त वाटते. सौद्याची युक्ति सुचण्यास कागद-पेन्सिल पुरे. रक्तांतील एखादी खूण रोगाशीं निश्चितपणें जोडण्यास वर्षांचे प्रयोग व मोठें भांडवल लागतें. दोन्ही एकाच तागडींत घालणें कितपत न्याय्य? उलट, रोग्याच्या कागदावरील आंकडा वाचून मात्रा बदलणाऱ्या डॉक्टरास परवाना मागावा लागावा, हेंहि पटण्यासारखें नाहीं. सन २०१९ मध्यें स्नायूंच्या एका विकाराच्या परीक्षेवरील पेटंटाचा फेरविचार करावा काय, यावर फेडरल सर्किटचे न्यायाधीश सात विरुद्ध पांच असे दुभंगले व फेरविचार झाला नाहीं.

भारतानें हा वाद कायद्याच्या शब्दांतच मिटविण्याचा यत्न केला आहे. सन १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमांत, सन २००२ च्या दुरुस्तीनंतर, मनुष्याच्या रोगनिदानाची पद्धति आणि व्यापारपद्धति या दोन्ही ‘शोध नव्हेत’ अशा यादींत थोड्याच अंतरावर बसविल्या आहेत. निदानासाठीं लागणारें नवें उपकरण किंवा रसायन यांस मात्र ही आडकाठी नाहीं. त्यामुळें येथील अर्जदार आपली मागणी बहुधा त्याच वळणावर नेतात.