पानथरी

‘पोराला पानथरी झाली,’ असे जुनी माणसे म्हणत. पानथरी म्हणजे वस्तुतः प्लीहा, डाव्या फासळ्यांखाली दडलेला मूठभर अवयव. निरोगी माणसाच्या तो सहसा हाताला लागत नाही. सुजला म्हणजेच जाणवतो. म्हणून अवयवाचे नावच रोगाला मिळाले.

चिनी वैद्यकात मात्र या अवयवाला केवढा मान! ‘पी’ ही तेथे जठराची सहचारिणी, पृथ्वीतत्त्वाची. अन्नातील सार सर्वांगास पोचविणारी, रक्ताला वाहिन्यांत धरून ठेवणारी. अतिचिंतेने ती दुबळी होते, असेही ते वैद्य मानतात. ली दोंगयुआन (1180–1251) याने तर प्लीहा आणि जठर यांवर स्वतंत्र ग्रंथच रचला. आपल्या चरकाने पचन जठराग्नीकडे सोपविले आणि यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे ठरविली. आधुनिक शरीरशास्त्राला चरकाचे विधान अधिक जवळचे वाटेल. कारण सुमारे 120 दिवस जगून जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी प्लीहा गाळून काढते. चिनी ‘पी’ हे अवयवापेक्षा पचनाच्या व्यापाराचेच नाव म्हणावे.

हिवतापात ही चाळणी फुगते. अशी पानथरी साध्या धक्क्यानेही फुटू शकते. 1840 नंतरच्या दशकात डेंप्स्टर या डॉक्टराने यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत माणसांची पोटे चाचपून हिवतापाचा प्रादुर्भाव मोजला. रोग पसरतो कसा, हे मात्र गूढच होते. त्याचा छडा लावू पाहणाऱ्या रोनाल्ड रॉसला 1895 मध्ये सरकारने सिकंदराबादेहून बंगळूरला पटकीच्या बंदोबस्तासाठी धाडले. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू त्याला दिसले ते सिकंदराबादेस परतल्यावर, 20 ऑगस्ट 1897 रोजी.