भिंतीवरचे अकरावे कर्तव्य

शिबिराला निघताना आमच्या सामानात सतरंज्या, दोन मोठी पातेली, टिकाव-फावडी, गेरूचे डबे आणि माझे एक भाषण होते. यांपैकी भाषणच तेवढे अडचणीचे ठरले.

राष्ट्रीय सेवा योजना म्हणजे सरकारने कॉलेजांत चालवलेली नागरिकत्वाची शाळा. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजांत एन.सी.सी. सक्तीची झाली होती. १९६८ साली ती सक्ती उठली आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. बंदुकीच्या जागी फावडे आले. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवस एखाद्या खेड्यात मुक्काम, असा तिचा नेम. मराठी शिकवणारा माणूस यात कसा सापडतो? प्राचार्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून!

२०१९ च्या जानेवारीत आम्ही इंदापूर तालुक्यातल्या शेळगावी उतरलो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक. पहिले बौद्धिक माझेच. विषय, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये आली. अकरावे २००२ साली ८६ व्या दुरुस्तीने आले. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे, हे ते अकरावे. याच दुरुस्तीने त्या वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे बंधन सरकारवरही घातले, हे मी जाता जाता एका वाक्यात उरकले. टाळ्या पडल्या. अकरावे कर्तव्य शाळेजवळच्या भिंतीवर रंगवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी मुले पाहणीला गेली. उसाच्या फडालगत बीडकडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत फिरणे नाही. फडात आईबाप मोळ्या बांधत होते. मुले वाढ्यांच्या ढिगावर खेळत होती. आमच्या एका विद्यार्थिनीने एका बाईला छापील प्रश्न विचारला, “मूल शाळेत का पाठवत नाही?”

बाई हातातला कोयता न थांबवता म्हणाली, “गावाकडं म्हातारी हाय, तिला दिसत न्हाई. लेकरू कुनाच्या जिवावर ठिवू? आन् हितल्या शाळंत आमाला वळखतंय कोन?”

संध्याकाळी ती मुलगी ब्रश घेऊन भिंतीपाशी नुसती उभी होती. शिबिरातली सर्वांत सुबक अक्षराची मुलगी ती.

“सर, मी हे लिहिणार नाही.”

“का गं?”

“काल तुम्हीच सांगितलंत, सरकारवरपण बंधन आहे. मग भिंतीवर एकट्या आईचंच कर्तव्य का?”

मी काहीतरी पुटपुटलो: जागा कमी आहे, गेरू संपत आला आहे. वीस वर्षे वर्गात बोलणारा माणूस किती चटकन गेरूच्या मागे लपतो! तिने डबा हलवून दाखवला. गेरू पुरेसा होता.

अखेर दोन्ही वाक्ये लिहिली गेली. वर सरकारचे, खाली पालकाचे. खालची अक्षरे शेवटी दाटीवाटीने एकमेकांवर चढली. शाळेच्या गुरुजींनी ती भिंत वाचली, तेव्हा मी जरा धास्तावलोच होतो. त्यांनी एवढेच विचारले, “कोप्यांवर मुलं किती आहेत?” स्थलांतरित मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत घ्यावेच लागते, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. ऊस तोडणारे दर हंगामात येतात नि पट्टा पडला की जातात. त्यांची नावे पटावर घेणे म्हणजे महिन्या-दोन महिन्यांसाठी सारी लिखापढी.

तरी सकाळी ते हजेरीपट घेऊन आमच्या मुलांबरोबर फडावर गेले. पाच मुले त्यांच्यामागून शाळेत आली. त्यांच्या जेवणाच्या ताटल्यांची व्यवस्था आम्ही आमच्या भांड्यांतून केली.

सहावी एक होती, आठेक वर्षांची. तान्ह्या भावाला सांभाळायला ती कोपीवरच राहिली.