गाजर गवत उपटलं, पण त्याच्या पाचोळ्याचं काय?



पावसाळ्यात शाळेत श्रमदान झालं की उपटलेल्या गाजर गवताचा ढीग कुंपणाजवळ पडतो. शेतातही तेच. खुरपणी झाली की गवत बांधावर, नाहीतर तिथंच सरीत टाकून देतात. "कुजेल, खतच होईल," असं आपण म्हणतो. हे अर्धंच खरं आहे.

गाजर गवत मूळचं अमेरिका खंडातलं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. भारतात ते तण म्हणून पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं, असं मानलं जातं.

आता मूळ मुद्दा. या झाडाच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. शिवाय पानांत फेनॉल गटातली काही आम्लंही असतात. पाचोळा जमिनीवर पडला आणि वर पाऊस झाला, की चहाच्या पुडीतून अर्क उतरावा तशी ही द्रव्यं पाण्याबरोबर मातीत उतरतात. त्यांचा मारा मुख्यतः कोवळ्या मुळांवर होतो. बी उगवतं, पण मूळ आखूड राहतं. आखूड मुळाचं रोप पावसाची थोडी उघडीप पडली तरी माना टाकतं.

कडधान्यांचं नुकसान आणखी वेगळं. मूग, हरभरा यांच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. गाजर गवताच्या द्रव्यांमुळे या गाठी कमी धरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. गंमत अशी, की पाचोळा मिसळलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थ वाढलेले असतात. म्हणजे कागदावर माती सुधारलेली आणि रोप मात्र खुरटलेलं! नुसता माती परीक्षणाचा अहवाल पाहून फसायला होतं ते इथं.

पण मातीही गप्प बसत नाही. तिच्यातले जिवाणू आणि बुरशी ही द्रव्यं हळूहळू मोडतात. ओल आणि ऊब असेल तर काही आठवड्यांत त्यांचा जोर ओसरतो. म्हणून खरा धोका ताजा पाचोळा आणि लगेचची पेरणी एकत्र आली की असतो.

हे वर्गात करून पाहा. तीन वाट्या घ्या, प्रत्येकीत ओल्या कापडावर २० मूग ठेवा. पहिलीला साधं पाणी द्या. दुसरीला गाजर गवताची वाळलेली पानं एक दिवस भिजवून गाळलेलं पाणी, आणि तिसरीला साध्या गवताची तितकीच पानं तसंच भिजवून गाळलेलं पाणी. ही तिसरी वाटी मुलं नेहमी टाळतात, पण तिच्याशिवाय दोष गाजर गवताचाच, हे कसं ठरवणार? पाच दिवसांनी किती मूग उगवले ते मोजा आणि मुळांची लांबी फूटपट्टीनं मोजा. हातमोजे नक्की घाला. या गवतानं अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. पानं शिक्षकांनीच आणलेली बरी.

मग उपटलेल्या गवताचं करायचं काय? फुलोरा येण्याआधी उपटा. एका झाडाला १० हजारांहून जास्त बिया येऊ शकतात, आणि बांधावर टाकलेल्या फुलोऱ्यातलं बी तिथंच पिकून पडतं. उपटलेलं गवत खड्ड्यात भरा. गवताचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असे थर देऊन ओल टिकवा. चार-पाच महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं. ते तयार झालं की नाही याची शंका असेल, तर त्याचं पाणी मुगाच्या चौथ्या वाटीला घालून बघा. मुळं पहिल्या वाटीइतकी वाढली, तर खत शेतात न्यायला हरकत नाही.