कुलपातलं घर आणि नांदतं शहर

मंडळी, मालेगावात रिकाम्या घरांवर बोलायचं म्हटलं तर तुम्हाला नवल वाटेल. इथे एकाच छपराखाली मागही चालतो आणि संसारही. पण 1857 नंतर उत्तर भारतातून विणकर कुटुंबं आली आणि इथे रुजली, कारण त्यांना काम मिळालं आणि राहायला जागाही मिळाली. नव्या माणसाला परवडणारं घर मिळतं, तिथे विविधता टिकते. आजचा सगळा विषय एवढाच आहे.

आता गोवा बघा. 2011च्या जनगणनेत देशात शंभरातली सात-आठ घरं रिकामी होती. गोव्यात वीसहून जास्त. त्यात गुंतवणुकीचे फ्लॅट आहेत, तशी परदेशी गेलेल्यांची जुनी घरंही आहेत.

मग परदेशी मालक कोण? परदेशात राहणाऱ्या परक्या नागरिकाला इथे सहसा घर विकत घेता येत नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक घेऊ शकतात. शेतजमीन मात्र नाही. गोव्यात 1961पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. ते घेऊन बरेच जण इंग्लंडला गेले. घर आजोबांचंच, मालक तेवढा कागदावर परदेशी. त्यात तिथल्या दिवाणी कायद्याने मुलामुलींना समान वाटा. पाच वारस पाच गावी, सही कोण करणार? भाडेकरू ठेवला आणि तो निघालाच नाही तर? त्यापेक्षा कुलूप बरं!

पण कुलपाची किंमत गल्ली मोजते. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची दारं कमी होतात, शाळेचा पट घटतो, दुकान बंद पडतं. उरलेली घरं महागली की कामासाठी आलेला माणूस गावाबाहेर ढकलला जातो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरने 2017पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला. पण जिथे अडचण वाटणीची आणि भीतीची आहे, तिथे नुसत्या कराने कुलूप निघत नाही. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्यावर थोडा उपाय आहे: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि मुदत संपल्यावर घर परत मागता येतं. तुमच्या ओळखीत कुणी आखातात असेल, घर बंद असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा. कारण मालक कुठे राहतो याने शहराचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते संध्याकाळी त्या घरात दिवा लागत नाही म्हणून.